लाल न झालेली हळद

विमानाला हळद लावली म्हणून हेमलता बोरकुटेंना मेमो मिळाला होता. ही गोष्ट नागपूरच्या मिहानमधल्या हँगर क्रमांक तीनमध्ये पाच महिने चवीनं सांगितली जात होती.

झालं होतं असं, की मे महिन्यात 'क्षितिज' जातीचं एक नवंकोरं विमान पहिल्यांदा हँगरात आलं. घरी साधी सायकल आली तरी आपण तिला हळदकुंकू लावतो, आणि हे तर दोनशे बारा माणसं पोटात घेऊन उडणारं वाहन. बाईंनी घरून वाटीभर हळद आणली. पाण्यात कालवलेली हळद त्या गुळगुळीत रंगावर ठरेना, घसरून खाली यायला लागली. मग बाईंनी नवरदेवाला लावतात तशी तेलात कालवली. विमानाचं नाक काही हाताला लागत नव्हतं. म्हणून शिडीवर चढून, पंख जिथे धडाला जोडलेला असतो त्या मुळाशी, पोटाकडच्या बाजूला त्यांनी हळदीची पाच बोटं उमटवली. तिसऱ्या दिवशी मेमो आला: 'परकीय पदार्थाचा अनधिकृत लेप.' त्यांचा जुना सहकारी इर्शाद शेख म्हणाला होता, की बाई, आपल्या भंडाऱ्याची हळद परकीय व्हायला कंपनीच लागते.

हळद पुसली गेली. मेमो फाइलला लागला. बाई हसल्या आणि विसरल्या.

क्षितिज विमानाची कातडी धातूची नव्हती. कार्बनच्या धाग्यांचे थरावर थर चिकटवून ती बनवलेली होती, आणि त्या थरांमधून केसाहून बारीक नळ्यांचं जाळं पसरलेलं होतं, पिंपळपानातल्या शिरांसारखं. अर्ध्या नळ्यांत एक पातळ रस, उरलेल्या अर्ध्यांत तो रस कडक करणारं दुसरं द्रव्य. तंत्रज्ञ त्याला 'घट्टी' म्हणत. कातडीला कुठे चीर पडली की त्या जागच्या दोन्ही नळ्या फुटत, रस आणि घट्टी चिरेत एकत्र येत आणि दोन तासांत दगडासारखी कडक होत. तुटलेल्या वस्तू जोडायला आपण घरी दोन ट्यूबांमधला गम सारखा सारखा घेऊन मिसळतो, तेच हे. माणसाचं खरचटलेलं ढोपर आपोआप भरून यावं, तसं विमान स्वतःला बरं करत होतं.

आणि बरं झाल्याची खबरही तेच देत होतं. कातडीत ठिकठिकाणी टिकलीएवढे संवेदक बसवलेले होते. एक संवेदक कानाला ऐकू न येणारी ध्वनिलहर सोडायचा, दुसरा ती पकडायचा. मध्ये मोकळी चीर असली तर लहर अडायची. चीर भरली की पार जायची आणि पडद्यावर हिरवा शब्द उमटायचा, 'सांधलं'.

मग काय विचारता. क्षितिज बनवणाऱ्या 'व्योमांग' कंपनीनं जगाला सांगितलं, की आता पंख तपासायला माणसांची फौज नको. पूर्वी एका विमानाच्या पंखांवर अठरा माणसं चार दिवस हातोडी आणि दिवे घेऊन चढायची. आता दोन माणसं, एक सकाळ. उरलेल्या सोळांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. हेमलताबाई राहिल्या, कारण विमान उड्डाणाला योग्य आहे या कागदावर कायद्याला अजून परवानाधारक जिवंत माणसाची सही लागत होती. चौपन्न वर्षांची, तीस वर्षं विमानांच्या पोटाखाली घालवलेली बाई पडद्यावरचा हिरवा शब्द वाचायला आणि त्याखाली नाव लिहायला ठेवलेली होती. त्यांना याचा राग होता. पण हा राग त्या फारसा बोलून दाखवत नसत, कारण ते नळ्यांचं जाळं ज्या मुलीच्या डोक्यातून निघालं होतं ती त्यांचीच होती.

मैथिली बोरकुटे, वय बत्तीस, व्योमांगच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रात. तिचा प्रबंध कंपनीनं विकत घेतला तेव्हा बाईंनी अख्ख्या हँगरला संत्राबर्फी वाटली होती.

घटस्थापनेच्या दिवशी तेच मे महिन्यातलं विमान तपासणीला आलं. पडदा डोक्यापासून शेपटीपर्यंत हिरवागार. बाई आणि इर्शाद सवयीनं खाली एक फेरी मारत होते. तेलाची गळती शोधायला त्यांच्याकडे निळा-जांभळा प्रकाश टाकणारा दिवा असायचा. तेलात घातलेला रंग त्या प्रकाशात चमकतो. इर्शादनं दिवा पंखाच्या मुळाशी नेला आणि थांबला.

"बाई, हे काय चमकून राहिलं?"

बोटाची तीन पेरं लांब, दोऱ्यासारखी एक रेघ हिरवट पिवळी उजळत होती. बाईंनी साधा दिवा टाकला. रेघ हळदीसारखी पिवळी दिसली. हळदीसारखी कसली, हळदच होती ती. पाच महिन्यांपूर्वीच्या तेलहळदीचा अंश सांध्यात राहिला होता आणि त्या जागी चीर पडल्यावर तेल तिच्यात ओढलं गेलं होतं, वातीत चढतं तसं. तिथून हातभर बाहेरच्या बाजूला आणखी एक रेघ होती, नखाएवढी, पण ती तांबडी. बाईंनी ती पाहिली, कुंकू असेल म्हणून सोडून दिली आणि पिवळीपाशी परत आल्या.

पडदा त्या जागेबद्दल म्हणत होता: 'चीर क्रमांक सात. सांधलं.'

बाईंनी खिशातून पितळी हातोडी काढली. ती बोटाएवढी हातोडी त्यांनी नियम बदलले तरी टाकली नव्हती. चांगल्या जागी टक् असा कोरडा आवाज आला. रेघेवर मारली तर आवाज बद्द आला. बाजारात माठ वाजवून घेणाऱ्या कुठल्याही माणसाला कळला असता, असा.

त्यांनी सही केली नाही.

दुपारी मुंबईहून अभिराम पाळंदे आले. हे व्योमांगचे सुरक्षा-प्रमुख. गोरे, मऊ आवाजाचे, बुटांना धूळ न लागू देणारे. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि मग अत्यंत आदरानं त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवावर पाणी ओतलं. संवेदक सांगतात चीर भरली आहे, तर ती भरली आहे. जी पिवळी रेघ दिसते तो डाग आहे, आणि डाग कुणी पाडला त्याचा मेमो फाइलमध्ये आहेच. उद्या कुणी म्हणालं, की चीर मुळात त्या तेलहळदीनंच पडली, तर कंपनी बाईंना कुठवर वाचवणार?

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. बाई म्हणाल्या, की हळदीनं विमान फाटत असतं तर आमच्याकडच्या एकाही नवरदेवाच्या अंगावर कातडी राहिली नसती. पाळंदे हसले. मग त्यांनी सांगितलं, की बाईंना थोडी विश्रांतीची गरज दिसते, दसऱ्यापर्यंत घरी राहावं. प्रवेशाचं कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं काढून घेतलं. संध्याकाळी दुसऱ्या शहरातल्या कुणा परवानाधारकानं बसल्या जागेवरूनच पडदा पाहून सही केली, पिवळ्या रेघेवर पांढऱ्या रंगाचा एक फराटा मारला गेला आणि विमान दोनशे बारा माणसं घेऊन कोचीला गेलं.

त्या संध्याकाळपासूनच बाईंना एक नवं काम लागलं. फोनवर त्या विमानाचा नंबर टाकून ते कुठे आहे ते पाहायचं. पहिल्याच रात्री पहाटेपर्यंत चार फेऱ्या, पुढे दिवसाला चार. नागपूर-कोची, कोची-पुणे, पुणे-कोलकाता, कोलकाता-नागपूर. उडालं की पेन्सिल हातात घ्यायची, उतरलं की खाली ठेवायची. कॅलेंडरवर घटाच्या माळेशेजारी त्या रोज चार काड्या ओढत होत्या.

त्यांनी सरकारी सुरक्षा खात्याला पत्र लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, की आपली तक्रार योग्य त्या कारवाईसाठी संबंधित कंपनीकडे पाठवण्यात आली आहे. म्हणजे लांडग्याविरुद्धचा अर्ज लांडग्याच्याच पंजात! एका वर्तमानपत्राला फोन केला. तिथला मुलगा भला होता, पण म्हणाला, की काकू, आवाज बद्द येतो हे छापता येत नाही, पुरावा द्या.

मैथिलीलाही त्यांनी पहिल्याच दिवशी फोन केला होता. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की आई, संवेदकांवर विश्वास ठेव, मी मीटिंगमध्ये आहे. मुलीचा आवाज आईला कळतो. तोही बद्द आला होता.

पाचव्या माळेला बाई घटापाशी बसल्या होत्या. हळदीचा हात पदराला लागला. उठून त्यांनी मोरीत पदर धुवायला घेतला, साबण घासला, आणि आपल्याकडच्या प्रत्येक बाईनं हजारदा पाहिलेलं त्यांनी पुन्हा पाहिलं. पिवळा डाग साबण लागताच लालभडक झाला.

त्या तशाच उभ्या राहिल्या. नळ वाहत राहिला.

हळद लाल होते ती साबणानं, चुन्यानं, सोड्यानं. क्षाराची गाठ पडली की लाल. कुंकू तसंच तर करतात. आणि घट्टी? मैथिली शिकत असताना याच घरात जेवणाच्या टेबलावर तिनं शंभरदा समजावलं होतं: आई, रस नुसताच असतो, पण घट्टी जात्याच क्षार असते, हातमोज्याशिवाय धरायची नाही, साबणासारखी बुळबुळीत लागते. म्हणजे चिरेत घट्टी आली असती तर तिथली हळद लाल व्हायला हवी होती. ती नखाएवढी बाहेरची रेघ तांबडी होती ती कुंकवानं नव्हे, तिथवर ओघळलेल्या हळदीनंच. तिथे घट्टी आली होती, तिथली चीर खरोखर सांधली होती. आणि मुळाशी, जिथे पंखाचा सगळा भार येतो तिथे, हळद पाच महिन्यांनीही पिवळीच होती.

तिथे घट्टी आलीच नव्हती.

बाईंनी ओल्या हातानंच मुलीला फोन लावला. या वेळी प्रस्तावना केली नाही. जे पाहिलं ते सांगितलं आणि विचारलं, की मुळाशी घट्टीच्या नळ्या आहेत का नाहीत.

"नाहीत," मैथिली म्हणाली.

मग ती बोलत गेली. मुळाशी कातडी सर्वांत जाड, म्हणून नळ्याही तिथेच सर्वांत जास्त. त्यातल्या घट्टीच्या नळ्या भरणं फार खर्चाचं आणि वेळखाऊ काम. एकेका विमानाला कारखान्यात अकरा दिवस जास्त लागायचे. शिवाय एकेचाळीस किलो वजन. कुणीतरी बैठकीत विचारलं, की मूळ इतकं जाड आहे, तिथे चीर पडणारच कशाला? आणि पडली तरी रस आहेच की. तो भरतो, संवेदक हिरवा होतो. ध्वनिलहरीला चिरेतला रस पातळ आहे की घट्ट, याच्याशी काही देणंघेणं नसतं. पाण्यातूनही ती सुखानं जाते. म्हणजे चीर ओल्या रसानं भरलेली असली तरी पडदा म्हणणार, सांधलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"तुला हे माहीत होतं?"

"मी लिहून दिलं होतं, आई. तीन पानं. हे धोक्याचं आहे म्हणून."

"मंग?"

"मग त्यांनी मला विभागप्रमुख केलं. आणि विभागप्रमुख म्हणून त्या बदलावर सही मागितली." ती पुढे म्हणाली, "मी केली."

बाई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. राग कुणाचा करावा तेच त्यांना कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. पाळंद्यावर त्यांनी पाच दिवस मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती; पण पाळंदे परका होता. एकेचाळीस किलो! दोन माणसांच्या सामानाएवढ्या वजनासाठी दोनशे बारा माणसं टांगून ठेवली होती, आणि त्या दोरीला गाठ मारली होती त्यांच्या पोरीनं.

"तू सात वर्षांची होती तेव्हा माझ्या कपाचा कान तोडला होता," बाई म्हणाल्या. "मी रागवीन म्हणून लपूनछपून जोडला. एक ट्यूब वाळली होती, तर नुसती दुसरीच लावून ठेवली. आठवते? तीन दिवस तो कान दिसायला ठीक होता न. चौथ्या दिवशी गरम चहा माझ्या मांडीवर सांडला. डाग आहे अजून. तेव्हा तू रडत रडत काय म्हणाली होती?"

"एका ट्यूबनं चिकटत नाही, असं म्हणाली होती. सात वर्षांच्या पोरीले समजलं होतं ते. आता बत्तीसची झाली तर काहून नाही समजलं?"

फोन ठेवल्यावर बाई खूप रडल्या. मग तोंड धुतलं आणि इर्शादला बोलावलं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. दक्षिणेत तीच आयुधपूजा. त्या दिवशी कारखान्यांतून कामगारांची बायकापोरं येतात, यंत्रांना हार पडतात, पेढे वाटतात. हँगरांतही हीच रीत. आणि व्योमांगला तर ती फारच प्रिय होती, कारण पंखाला झेंडूचा हार घातलेलं विमान जाहिरातीत छान दिसतं. बाईंच्या हळदीला मेमो देणाऱ्या कंपनीनंच यंदा फर्मान काढलं होतं: देशातल्या पाचही तळांवर क्षितिज विमानांची थाटात पूजा करावी, छायाचित्रकार बोलवावेत. बाईंची हळद परकीय पदार्थ आणि जाहिरातखात्याची हळद संस्कृती, एवढाच काय तो फरक.

बाईंची योजना साधी होती. हळद तेलात कालवायची आणि पाच बोटं पंखाच्या मुळाशी लावायची. चोरून काही करायचं नव्हतं. इर्शादची तीस वर्षांची ओळख चेन्नईपासून कोचीपर्यंत प्रत्येक हँगरात होती. त्यानं एकेकाला फोन केले. गंमत म्हणजे कुणालाच फार समजवावं लागलं नाही. बद्द आवाज पुष्कळांनी ऐकले होते आणि गप्प बसले होते. सातव्या माळेला बाईंच्या फोनवर मैथिलीचा निरोप आला. एकही शब्द नाही, नुसतं पंखाच्या मुळाचं एक रेखाचित्र. ज्या सहा जागी घट्टी काढून टाकली होती त्यांवर खुणा. खाली लिहिलं होतं: तेल पातळ घ्या, अर्धा तास पुरेल, मग कोरडं पुसा. शेवटी तिची ती तीन पानं, तारखेसकट.

इर्शादनं ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, की बाई, पोरगी तुमचीच निघाली. बाईंनी फोनवर नंबर टाकला. विमान त्या वेळी पुण्याहून कोलकात्याला चाललं होतं. सत्ताविसावी फेरी.

नवमीच्या दिवशी मध्यरात्रीपासून चार फेऱ्या करून ते विमान दुपारी नागपूरला हँगर तीनमध्ये आलं. छत्तीस काड्या झाल्या होत्या. बाईंकडे कार्ड नव्हतं, पण त्या दिवशी कुटुंबीयांना मोकळीक असते. दारावर इर्शादनं वहीत लिहिलं, 'हेमलता, बहीण.' पहारेकऱ्यानं बाईंना वीस वर्षं पाहिलेलं होतं. त्यानं वही वाचली, बाईंकडे पाहिलं आणि खणखणीत नमस्कार केला.

पूजेला पाळंदे स्वतः आले होते. सिल्कचा कुडता, कपाळाला गंध. समोर चार वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार. इर्शादनं त्यांच्या हातात हळदीची वाटी दिली आणि अदबीनं शिडी दाखवली: साहेब, नाकापर्यंत हात नाही पोचत, इथे मुळाशी फोटो चांगला येतो. पाळंद्यांनी पाच बोटं बुडवली आणि हसत हसत, कॅमेऱ्यांकडे तोंड करून, इर्शाद दाखवील तिथे, मुळावर सहा जागी हळद उमटवली. सातवा, शेवटचा हात थोडा बाहेर, हातभर अंतरावर लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळ फुटला. पेढे आणि भाषण यांत अर्धा तास गेला.

मग बाई पुढे आल्या. पाळंद्यांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचं हसू अर्ध्यात राहिलं.

"साहेब, परकीय पदार्थ आहे," बाई म्हणाल्या. "पुसून घेते."

छायाचित्रकारांसमोर काय बोलणार? बाई शिडीवर चढल्या. कोरड्या फडक्यानं हळद पुसली. पांढऱ्या रंगाचा फराटा मधून तडकला होता. त्यांनी इर्शादला हात केला, त्यानं निळा-जांभळा दिवा वर दिला. हँगरचे दिवे कुणीतरी आधीच मंद केले होते.

पिवळी रेघ उजळली. घटस्थापनेला ती तीन पेरांची होती. आता पूर्ण वीतभर होती, आणि टोकाशी तिला दोन फाटे फुटले होते. बाकीच्या पाच जागांपैकी तीन जागीही रेघा होत्या, पिवळ्या. खाली पोराबाळांसकट सगळे शिडीभोवती सरकले.

बाईंनी मग साधा दिवा लावला आणि हातभर बाहेरच्या त्या शेवटच्या जागेवर टाकला. तिथली नखाएवढी रेघ पाळंद्यांच्या हळदीनं आता चांगली ठसठशीत लाल झाली होती.

"ही लाल, म्हणजे सांधलेली," त्या छायाचित्रकारांना म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ही पिवळी, म्हणजे नुसती ओली. साबणाच्या वडीनं घरी करून पाहा. कंपनीनं इथली घट्टी काढून घेतली आहे. त्याचा कागद माझ्याकडे आहे."

पाळंदे म्हणाले, की हा घातपात आहे, विमानाला काहीतरी लावण्यात आलं आहे. त्यावर एक छायाचित्रकार शांतपणे म्हणाला, "साहेब, लावलं तुम्हीच. फोटो आहेत."

इर्शादचा फोन वाजला. चेन्नई: चार विमानांपैकी तीन पिवळी. हैदराबाद: दोन्ही. कोची, बंगळूर. संध्याकाळपर्यंत देशातल्या एकतीस क्षितिज विमानांपैकी एकोणिसांच्या मुळाशी हळद पिवळी राहिली होती. ज्या खात्याला पत्राचं उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरली होती, त्याला एकतीस विमानं जमिनीवर बसवायला दुसऱ्या दिवशीची दुपार लागली. दसरा होता ना, साहेब लोक सोनं लुटत होते.

पंधरा दिवसांनी हँगर तीनमध्ये चौकशी समितीसमोर त्या विमानाचं पंखमूळ कापून उघडलं. बाईंना तेव्हा परत बोलावलं होतं. करवत त्यांनीच चालवली. तुकडा निघाला आणि आतून पातळ, चिकट, मधाच्या रंगाचा रस थेंबाथेंबानं खाली गळायला लागला. दोन तासांत दगड व्हायचा होता तो. पाळंदे वकिलांसह उभे होते. त्यांनी बूट मागे घेतले. बाईंनी थेंब बोटावर घेतला आणि समितीच्या टेबलापाशी नेऊन अध्यक्षांच्या समोरच्या कागदावर पुसला. अभियंत्यांनी मोजून सांगितलं, की अशा आणखी पन्नास-साठ फेऱ्या, मग पंख.

साक्षीसाठी मैथिली आली होती. कंपनीनं तिला आठवड्यापूर्वीच काढलं होतं, आणि दोष तिच्याच माथी मारायची तयारीही चोख केली होती. बदलाच्या कागदावर शेवटची सही तिची होती ना. वकिलानं तो कागद उंच धरून विचारलं, की ही सही कुणाची. तिला कुणीतरी सल्ला दिला असणार, की दबाव होता म्हण, आठवत नाही म्हण. तिनं सावकाश कागद पाहिला.

"माझी," ती म्हणाली. "आधीची तीन पानंही माझी. दोन्ही खरं आहे."

पुढे काय व्हायचं ते झालं. व्योमांगला दंड झाला, पाळंदे दुसऱ्या एका कंपनीत सुरक्षा-प्रमुख झाले, आणि मैथिलीला पाच वर्षं विमानाच्या कामाची बंदी झाली. माणसं मेली नव्हती, त्यामुळे बातमी चार दिवसांत विझली. आपल्याकडे वाचलेल्या माणसांची बातमी होत नाही. व्योमांगनं नवं परिपत्रक मात्र तातडीनं काढलं: यापुढे हँगरमध्ये हळद आणण्यास सक्त मनाई.

साक्ष झाली त्या संध्याकाळी मैथिली घरी आली. बाईंनी चहा ठेवला. मैथिली स्वयंपाकघरात येऊन बसली. तिनं विचारलं, "आई, तू मला माफ केलं का?"

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. नऊ माळा. प्रत्येकीशेजारी चार काड्या.

"तू खरं बोलली, ते बरं केलं," बाई म्हणाल्या. "माझी पोरगी आहे तू, घर तुझंच आहे. पण या नऊ दिवसांत ते विमान छत्तीस वेळा उडलं. दर वेळी दोनशे बारा माणसं. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही, की आपण माफ करायचं आहे म्हणून. तर मी एकटीनं कशी करू?"

मैथिलीनं कॅलेंडर जवळ ओढलं आणि काड्या मोजायला सुरुवात केली. बाईंनी चहा गाळला, दोन कपांत ओतला आणि तिच्या पुढ्यात कप ठेवण्याआधी सवयीनं त्याचा कान एकदा ओढून पाहिला.